पत्राला अकरा दिवस लागतात

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार आणि भांडण, दोन्ही एकदमच घे.

काल मी ड्यूटीवर होते. समोरच्या पडद्यावर आमच्या शहरातल्या एकशे चाळीस बसगाड्या, प्रत्येक गाडीचा एक हिरवा ठिपका. ठिपका चार मिनिटांहून जास्त थांबला की पिवळा होतो, आणि मग मी ड्रायव्हरला विचारायचं, काय झालं बाबा? कधी टायर बसलेला असतो, कधी सुट्ट्या पैशांवरून जुंपलेली असते. सात वर्षं हेच करतेय, त्यामुळे पडद्यावर काही पिवळं झालं म्हणून मी घाबरत नाही. पण काल माझा स्वतःचा फोन थरथरला आणि त्यावर उमटलं, ‘हृदयाचे ठोके अनियमित आढळले आहेत. डॉक्टरांचा सल्ला घ्या.’ ठोके माझे नव्हेत, तुझे. डिसेंबरात मायदेशी आले होते तेव्हा मीच ते सिमकार्डवालं घड्याळ तुझ्या मनगटावर बांधलं आणि माझ्या फोनला जोडून ठेवलं. मला फक्त तुझी पावलं मोजायची होती रे.

ड्रायव्हरला मी लगेच विचारू शकते. तुला कसं विचारू? बत्तीस वर्षं लेथ मशीनची घरघर ऐकून तुझे कान गेले ते गेलेच, आणि कानाचं मशीन तू लावून घेत नाहीस. समोर बसलेल्या माणसाचे ओठ बघून तुला सगळं कळतं, पण व्हिडिओवर माझे ओठ अडकत अडकत हलतात आणि तू म्हणतोस, मासा बोलतोय. मेसेज पाठवावा तर फोन वहिनीचा, तू त्याला हात लावत नाहीस. आणि वहिनी? ‘सगळं छान’ म्हणते आणि ठेवते. राहिलं हे आपलं पत्र, त्याला अकरा दिवस लागतात.

एक चांगली गोष्टही सांगते, नाहीतर म्हणशील नुसती कोकलते. रोज सकाळी साडेसहाला चार-चार हजार पावलं! कारखान्यापर्यंत चालत जायला लागलास की काय? शाब्बास. पण हे पत्र मिळेल त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. ‘बघू’ म्हणू नकोस. तुझं ‘बघू’ मला लहानपणापासून माहीत आहे.

तुझी,
टिटवी


१७ फेब्रुवारी

टिटवे,

पत्र मिळालं. मी जिवंत आहे हे अक्षरावरून कळेलच.

तुझं हे नाव मी ठेवलं तेव्हा तू पाच वर्षांची होतीस आणि दुधावर साय धरली तरी गल्ली गोळा करायचीस. नाव चुकलं नाही माझं. मनगटाला रबराचा पट्टा बांधून हृदयातलं कळायला लागलं, तर उद्या मोजे तपासून डोक्याचा आजार सांगतील. आमच्या शेडमध्ये चार लेथ आणि एक प्रेस दिवसभर धडधडत असतात, जमीन हादरते. त्यात बिचारं घड्याळ घाबरत असेल. चालण्याचं कौतुक राहू दे, उगाच मला डोक्यावर बसवू नकोस.

डॉक्टरकडे जायला सध्या वेळही नाही. पंपाच्या शाफ्टची मोठी ऑर्डर आली आहे, चारशे नग, मेअखेर द्यायचे. मालकांनी त्यातलं बारीक काम माझ्यावरच टाकलंय. नवीन पोरं माप दोनदा बघतात आणि तिसऱ्यांदा चुकवतात.

तुझी वहिनी बरी आहे. लाँड्रीत दिवसभर उभं राहून पाय भरून येतात म्हणते. हल्ली जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबते आणि खिडकीतून बघत राहते. विचारलं तर म्हणते, हवा छान येते. त्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते, दुसरं काही नाही. बायकांचं मला कळत नाही.

तू जेवत जा वेळेवर.

दादा


१ मार्च

दादा,

तुझे विनोद वाचून मी हसले आणि मग मला स्वतःचाच राग आला. माझं पत्र तुला मिळायच्या आत आणखी तीन इशारे आले. त्यानंतर दोन. मी वहीत लिहून ठेवलेत, वार, वेळ सगळं. सगळे दिवसाचे आहेत, तू कामावर असतानाचे. संध्याकाळी कधीच नाही, रविवारी तर एकही नाही. म्हणजे काम तुला झेपत नाही, एवढं तरी माझ्यासारखीला कळतं.

मी आत्ता निघून आले असते आणि तुला कान धरून नेलं असतं. पण माझा पासपोर्ट आणि राहण्याच्या परवान्याचे कागद इथल्या कचेरीत मुदतवाढीसाठी अडकले आहेत. विचारायला गेलं की काचेपलीकडची बाई म्हणते, काम चालू आहे. डिसेंबरपासून चालूच आहे.

बाबांना आठव. छातीत दुखतंय हे त्यांनी सहा दिवस कुणाला सांगितलं नाही. सातव्या दिवशी सांगायला ते राहिले नाहीत. आई नंतर कितीदा म्हणायची, एकदा बोलले असते तर. तू त्यांच्याच वळणावर गेला आहेस, आणि मी इथे बसून फोनकडे बघतेय. फोन थरथरला की वही उघडते. नाही थरथरला तर वाटतं, का नाही थरथरला?

हात जोडते दादा. हृदयाचा आलेख काढून घे. दहा मिनिटं लागतात. मग मला हवं ते बोल.

टिटवी


१५ मार्च

टिटवे,

घे, काढला आलेख. परवा दुपारी सुट्टी टाकून गेलो. नर्सबाईंनी छातीला ठिकठिकाणी चिकटपट्ट्या लावल्या आणि काढताना केसांसकट काढल्या. तेव्हा मी जे ओरडलो ते मलासुद्धा ऐकू आलं असेल. डॉक्टरांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, ‘सर्व ठीक. चिंता नको.’ कागद सोबत पाठवतोय, उशाशी ठेव.

आता खरं सांगतो. रागावू नकोस. ते घड्याळ मी तू गेल्यावर चौथ्याच दिवशी काढून ठेवलं. लेथवर उभं राहणाऱ्यानं मनगटाला काही बांधायचं नसतं, बोटात अंगठीसुद्धा नाही. मशीनचा चक, म्हणजे लोखंड धरणारा जबडा, फिरत असताना पट्टा अडकला तर घड्याळाबरोबर हातही जातो. कामाच्या पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या उस्तादांनी आधी आमचे हात बघितले होते, मग तोंडं. घरी आल्यावर बांधावं म्हटलं तर मनगटाला सवय नाही, टोचत राहतं. तू एवढ्या हौसेनं आणलंस, म्हणून सांगायचा धीर झाला नाही. लेथच्या हादऱ्यांचं जे लिहिलं होतं ते सरळ खोटं होतं.

तर तुझं घड्याळ रुमालांच्या ड्रॉवरमध्ये त्याच्या डबीत आहे, आणि अडीच महिने ते माझ्या रुमालांचे ठोके मोजतंय. रुमालांची तब्येत नाजूक आहे असं दिसतं. दुकानदाराला कळव आणि तू आता स्वस्थ झोप.

तुझी वहिनी हे सगळं वाचून हसेल म्हटलं, तर नुसती बघत राहिली.

दादा


२८ मार्च

प्रिय वन्सं,

काल तुमचा फोन मी ‘नंतर बोलू’ म्हणून ठेवला, मनाला लावून घेऊ नका. हे समोर बसले होते. यांना ऐकू येत नाही म्हणून लोक यांच्यापुढे काय वाटेल ते बोलतात. पण माझे ओठ यांना इतके पाठ आहेत की मी पाठ वळवून पुटपुटले, तर म्हणतात, इकडे तोंड कर आणि बोल. तुम्ही विचारलंत, ‘वहिनी, ड्रॉवरमधलं घड्याळ रोज चार हजार पावलं कसं चालतं? ते तुझ्या हातात आहे का?’ फोनवर हो म्हणता आलं नाही. इथे म्हणते. हो, माझ्या हातात आहे.

जानेवारीत मला जिना चढवेना. छातीत मधूनच कुणीतरी ओला कपडा झटकल्यासारखं व्हायचं आणि मग डोळ्यापुढे अंधारी. म्हटलं, लाँड्रीतली वाफ असेल, वय असेल. रुमाल ठेवताना घड्याळ दिसलं. चाललं की बरं वाटेल म्हणून पावलं मोजायला घातलं. हे सहाच्या बसनं गेले की बांधायचं, हे यायच्या आत काढायचं. रविवारी हे घरी, म्हणून घड्याळाला सुट्टी. डबी जागेवरच ठेवली. हे डबी बघून खूश.

ते तुम्हाला काही कळवतं हे मला ठाऊक नव्हतं. तुमचं पहिलं पत्र यांनी मला हसत हसत वाचून दाखवलं. हे हसतायत आणि मला कळतंय की हे माझ्याबद्दल लिहिलंय. मग तेव्हाच घड्याळ काढून का नाही ठेवलं, असं तुम्ही विचाराल. वन्सं, खोटं कशाला लिहू? कुणाला तरी कळतंय, याचं बरं वाटत होतं. आणि मला तोंडानं सांगावं लागत नव्हतं. मला तोंडानं सांगता येत नाही, माहेरीही कधी आलं नाही.

यांना सांगू नका. तुमच्या आईंचं दुखणं वाढलं होतं त्या आठवड्यात यांची करंगळी गेली, आठवतं ना? हात मशीनवर आणि डोकं दवाखान्यात. तेव्हा निदान बोटावर निभावलं. आता चारशे शाफ्ट यांच्या हातून जायचेत. माझं कळलं तर हे उभे राहतील लेथवर आणि बघतील माझ्याकडे. मेअखेर ऑर्डर संपली की मीच सांगेन. तोवर तुम्हाला माझी शपथ आहे.

पत्र लाँड्रीच्या पत्त्यावर पाठवा.

वहिनी


८ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. दोन महिने मी ‘दादा, दादा’ करत राहिले आणि तू कशी आहेस हे एकदाही धड विचारलं नाही. फोन तू उचलायचीस आणि मी म्हणायचे, दादा कसा आहे? मला लाज वाटते.

गप्प राहीन. पण एका अटीवर. हे पत्र मिळाल्यापासून दोन दिवसांत तू डॉक्टरकडे जायचं, आणि घड्याळातले सगळे इशारे त्यांना दाखवायचे. हेच तुला मी फोनवर सांगते तर तू ‘गिऱ्हाईक आलंय’ म्हणून ठेवतेस. एवढी गिऱ्हाइकं कुठून येतात गं तुझ्या लाँड्रीत? पत्राला तरी गिऱ्हाईक आलंय म्हणता येणार नाही.

आणि इस्त्री करणं बंद. काउंटरवर बसून पावत्या फाड. मालकिणीला सांग, पाय दुखतात. हे तरी खोटं नाही.

लिहिता लिहिता आत्ताच फोन थरथरला. तुमच्याकडे सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. म्हणजे तू आत्ता टेबलापाशी असशील, बहुतेक चादरींची घडी घालत. तुझ्या छातीत काय चाललंय ते तुझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईला माहीत नाही, मला माहीत आहे, आणि मी इथून तुला एक ग्लास पाणीसुद्धा देऊ शकत नाही. वहिनी, बस गं जरा. खुर्ची घे आणि बस.

टिटवी


२३ एप्रिल

प्रिय वन्सं,

गेले हो डॉक्टरकडे. फोनवर ‘जाऊन आले’ एवढंच म्हटलं म्हणून तुम्ही चिडलात, आता सविस्तर लिहिते.

डॉक्टरीण तरुण आहे, चांगली आहे. आलेख काढला. आणि वन्सं, मेलं हृदय तिच्यासमोर असं शहाण्यासारखं चाललं, पाहुण्यांपुढे वांड पोर गप्प बसतं ना तसं. सगळं सरळ. ती म्हणाली, हे येतं आणि जातं, नेमकं आत्ता सापडलं नाही. घड्याळातलं बघितलं आणि तिचा चेहरा जरा बदलला. चोवीस तास अंगावर बांधायचं एक यंत्र असतं, ते लावून बघायचं ठरलं. यंत्रं दोनच आहेत आणि माणसं खूप. माझा नंबर २६ मेला आहे. त्यानंतर रक्त पातळ करायची गोळी द्यायची की नाही ते ठरवतील. तोवर चक्कर आली किंवा तोंड-हात वाकडे झाल्यासारखे वाटले तर तडक या म्हणाली.

मला ते सोयीचंच वाटलं. २६ मे म्हणजे ऑर्डरही संपत आलेली. यांना तेव्हा एकदमच सांगता येईल, हातात कागद घेऊन.

काउंटरवर बसते आता. पावत्या फाडते. हे म्हणतात, तू हल्ली ताजीतवानी दिसतेस. बघा! परवा यांनी स्वतः बाजारातून पिशवी उचलून आणली आणि मधल्या मजल्यावर माझ्याबरोबर थांबले. म्हणाले, खरंच गं, हवा येते इथे. मी भिंतीकडे बघत राहिले.

तुम्ही यांना काही लिहिलं नाही ना?

वहिनी


५ मे

दादा,

हे पत्र घरच्या पत्त्यावर पाठवतेय, म्हणजे तू ते लेथपाशी वाचणार नाहीस. खुर्चीत बस आणि मग पुढे वाच.

ड्रॉवरमध्ये फक्त डबी आहे. घड्याळ जानेवारीपासून वहिनीच्या हातात आहे. मी ज्या ठोक्यांसाठी तुझ्या मागे लागले होते ते तिचे आहेत. ती डॉक्टरकडे जाऊन आली आहे. २६ मेला तिला चोवीस तासांचं यंत्र लावणार आहेत. तुला सांगायचं नाही अशी तिनं मला शपथ घातली होती. तुझ्या हातांची तिला काळजी आहे. तुझ्या करंगळीची गोष्ट तिनं मला पुन्हा सांगितली.

शपथ मी मोडतेय, कारण गेल्या आठवड्यात इशारे दिवसाआड यायला लागलेत. तिनं मला लिहिलंय की तारीख सोयीची आहे. दादा, मला ती सोयीची वाटत नाही. तू तिला घेऊन जा. दुसरा डॉक्टर बघ, मोठं हॉस्पिटल बघ, आजच्या आज. ती नाही म्हणेल, तू ऐकू नकोस. तिला रागवू नकोस, आणि लेथवर जाऊ नकोस दोन दिवस.

हे पाकीट मी आत्ताच पेटीत टाकायला चाललेय.

टिटवी


२७ मे

टिटवे,

तुला मालकांकडून फोनवर जे कळलं तेवढंच तुला माहीत असेल. बाकीचं लिहितो.

१९ तारखेला, सोमवारी, सकाळी अकराच्या सुमाराला ती काउंटरवर पावती लिहीत होती. पेन खाली पडलं. उचलायला वाकली ती वर आलीच नाही. लाँड्रीच्या मालकिणीनं गाडी बोलावून नेलं. मला न्यायला माणूस आला तेव्हा माझी पाठ दाराकडे होती. तो हाका मारत होता म्हणे. खांद्यावर हात पडल्यावर मी वळलो आणि मालकांचा चेहरा बघितला. मग मी मशीन बंद केलं, चक थांबेपर्यंत उभा राहिलो, त्यातला शाफ्ट सोडवला, हात धुतले. आणि मग विचारलं, काय झालं. त्या दोन मिनिटांबद्दल मी स्वतःला माफ करू शकत नाही.

हृदय वेडंवाकडं चाललं की आत रक्ताची गुठळी धरते, ती डोक्यात गेली असं डॉक्टरांनी पाटीवर चित्र काढून दाखवलं. जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय हलत नाही. तोंड उजवीकडे उतरलंय. बोलते, पण शब्द लडबडतात. नर्सना अर्धंमुर्धं कळतं. टिटवे, मला काहीच कळत नाही. कान गेल्यापासून मी तिचे ओठ वाचतोय. अंधुक उजेडात वाचलेत, ती रडत असताना वाचलेत. आता ते निराळेच ओठ आहेत. ती बोलते आणि मी बघत राहतो. डाव्या हातात पेन्सिल देऊन पाहिली, नुसत्या रेघा उमटतात.

नर्सनं तिच्या वस्तू पिशवीत घालून दिल्या. किल्ल्या, चष्मा, तुझं घड्याळ आणि एक पाकीट. पाकिटावर माझं नाव, अक्षर तुझं. बंद होतं. शिक्का १६ तारखेचा. शुक्रवारी ती माझ्या आधी घरी आली, तिनं पेटी उघडली, अक्षर ओळखलं, आणि ते तीन दिवस बरोबर घेऊन फिरली. फोडून वाचलं नाही. दुसऱ्याचं पत्र ती कधी फोडत नाही. मी ते दवाखान्याच्या बाकावर बसून वाचलं.

शनिवारी आम्ही दोघं बाजारात गेलो होतो. ते पाकीट तिच्या पिशवीत होतं आणि पिशवी माझ्या हातात होती.

आता मला एक सांग. १९ तारखेला इशारा आला तेव्हा तू कारखान्यात फोन केलास. म्हणजे नंबर तुझ्याकडे होता. तो सात वर्षांपासून आहे. मालक दिवसभर फोनपाशी बसतात, एक ओळ लिहून माझ्या हातात दिली असती. तू हे केव्हापासून जाणत होतीस? आणि अकरा दिवस लागणारं पत्र का टाकलंस?

दादा


८ जून

दादा,

२७ मार्चपासून. तुझं रुमालांचं पत्र वाचलं, पावलं आठवली, आणि त्याच दिवशी वहिनीला फोन केला. पत्र तुला ५ मेला लिहिलं. मध्ये एकोणचाळीस दिवस गेले. मी मोजलेत.

कारखान्याचा नंबर माझ्या फोनमध्ये तुझ्या नावाखालीच आहे. ५ तारखेला मी तो काढला होता. समोर धरून बसले होते. मग ठेवून दिला आणि कागद घेतला. का, ते सांगते, आणि हे मी कुणाला सांगू शकेन असं वाटलं नव्हतं. पत्र टाकलं की तुला सांगितल्यासारखं होत होतं, आणि वहिनीची शपथ अकरा दिवस तरी मोडत नव्हती. तोवर काहीतरी होईल, तीच सांगेल, तारीख जवळ येईल, असं मनात होतं. मला तुम्हा दोघांपैकी कुणाशीच वाईट व्हायचं नव्हतं. एखादी बस चार मिनिटं थांबली तर मी पाचव्या मिनिटाला ड्रायव्हरला हलवते. घरच्या माणसासाठी मी टपाल निवडलं.

१९ तारखेला फोन थरथरला तेव्हा मी वहीत वेळ लिहीत होते. दादा, मी आधी वेळ लिहिली. मग वहिनीला फोन लावला. वाजत राहिला.

कचेरीत रोज जाते. काल काचेपलीकडच्या बाईपुढे रडले, सगळ्या रांगेदेखत. तिनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, काम चालू आहे. कागद सुटले की मी पहिल्या विमानानं निघेन. पण येऊ का, हे तुला विचारायचं तोंड मला नाही. तू नको म्हणालास तर तेही मला समजेल. तेवढं तरी कळव.

टिटवी


२१ जून

टिटवे,

परवा हिला घरी आणलं. दोन जिने खुर्चीवर बसवून वर चढवली. कारखान्यातले चौघं आले होते. ऑर्डर वेळेत गेली. माझ्यावाचून गेली. नव्या पोरांनी केले उरलेले शाफ्ट, मालक म्हणाले, एकही परत आला नाही. ज्या कामापायी ही गप्प राहिली ते माझ्यावाचून अडलं नव्हतं. हे मी तिला सांगितलेलं नाही.

तुझ्यावर राग आहे. खूप आहे. तुझं पत्र दोनदा फाडायला घेतलं. तुझ्यावर आहे तेवढाच माझ्यावर आहे. ती मधल्या मजल्यावर भिंत बघत उभी राहायची आणि मी त्याच्यावर तुला विनोद लिहून पाठवले. हिच्यावर मात्र रागावता येत नाही. सकाळी हिचे केस विंचरताना सगळा राग जातो कुठेतरी.

मी कामावर जात नाही. जेवण भरवतो, कूस बदलतो, पाय चोळतो. ते सगळं जमायला लागलंय. शेजारीण येते तासभर. तिला हिचं बोलणं बरंचसं समजतं, ती मला खुणा करून, लिहून दाखवते. ‘पाणी’, ‘पंखा’, ‘उशी’. पण पंख्या-पाण्याचं काय, ते मीही ओळखतो. शेजारीण गेली की ही खरी बोलायला लागते. संध्याकाळी, माझा हात धरून, तास तास. डोळ्यांत पाणी असतं. शेजारणीसमोर ते बोलत नाही. जन्मात जिनं तोंडानं काही सांगितलं नाही, ती आता सांगतेय, आणि ऐकायला मी आहे.

मी कानाचं मशीन आणलं. नुसता आवाज येतो, लोखंड घासल्यासारखा. डॉक्टर म्हणतात, उशीर झाला.

तू ये. माफ केलं म्हणून नव्हे, ते कधी होईल मला माहीत नाही. पण शेजारणीपुढे ती जे बोलत नाही ते तुझ्यापुढे बोलेल, आणि तुला कान आहेत. ती मला काही विचारत असते असं वाटतं. विचारून थांबते आणि माझ्याकडे बघते. मी रोज ‘हो’ म्हणतो. कशाला हो म्हणतोय ते मला कळत नाही.

दादा